‘कर’ कोणाला, ‘ई’ कोणाला?

गावाच्या नावाला ‘कर’ लावला की तिथला रहिवासी तयार होतो, एवढेच आपण शाळेत शिकतो. पुणेकर, सातारकर, नागपूरकर. नियम खरा आहे, पण अपुरा आहे. मराठीने हा मान कोणाला दिला आणि कोणाला नाकारला, हे पाहू लागलो की मामला केवळ प्रत्ययाचा राहत नाही, असे मला वाटते.

आधी वस्तूंकडे पाहू. चप्पल कोल्हापुरी, चादर सोलापुरी, पगडी पुणेरी. माणूस मात्र कोल्हापूरकर, सोलापूरकर, पुणेकर. म्हणजे शहरांच्या बाबतीत भाषा माणूस आणि माल यांत चोख भेद करते. माणसाला ‘पुणेरी’ म्हटले की त्यात टोमणा येतो, तो याच भेदामुळे.

शहर सोडून प्रदेशाकडे वळलो की हा भेद बहुतेक पुसला जातो. ठेचा वऱ्हाडी आणि माणूसही वऱ्हाडी. मसाला मालवणी आणि माणूसही मालवणी. खानदेशी, माणदेशी, कोकणी यांचीही तीच गत. गोवेकरांसारखे अपवाद आहेत, पण थोडे. मराठवाड्याच्या रहिवाशाला तर रुळलेले एकशब्दी नावच नाही. तो ‘मराठवाड्याचा’ किंवा ‘मराठवाड्यातला’. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगातली माणसे मराठवाड्याची. शीर्षकातले वऱ्हाड लग्नाचे, तरी नुसते शीर्षक ऐकणाऱ्याला विदर्भातले वऱ्हाड आठवू शकते.

साहित्यातही ही विभागणी दिसते. पु. ल. देशपांडे यांनी आपल्यापुढे मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर असे तीन पर्याय ठेवले. विनोद निर्विवाद, पण तिन्ही पर्याय ‘कर’वाले, हे मला बोलके वाटते. ज्याच्या वागण्याची तऱ्हा सांगायची तो नागरिक शहराचाच. उलट व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ सालच्या पुस्तकाचे नाव ‘माणदेशी माणसं’. ‘माणदेशी’ हे विशेषण एकटे पुरत नाही, पुढे ‘माणसं’ लिहावे लागते. त्या एका शब्दाने पुस्तकाने प्रदेशाला चेहरे मिळवून दिले, असे मी त्याचे वाचन करतो.

काही नावांनी तर मूळ अर्थच सोडला. मावळा म्हणजे मावळ खोऱ्यातला रहिवासी, हेटकरी म्हणजे दक्षिण कोकणातला. शिवकाळात दोघेही सैनिक म्हणून इतके गाजले की १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात मावळे तलवारीसाठी आणि हेटकरी नेमबाजीसाठी वाखाणलेले आढळतात. आज ‘मावळा’ म्हटल्यावर भूगोल कोणाला आठवतो? याच सह्याद्रीवरून आलेला ‘घाटी’ मात्र मुंबईत आणि गोव्यात हिणवण्याचा शब्द झाला. डोंगर एकच, लढायला उतरलेल्याचे नाव गौरवाचे ठरले, मजुरीसाठी उतरलेल्याचे शिवीसारखे.

सर्वांत विलक्षण नावे ‘कोकणस्थ’ आणि ‘देशस्थ’. ‘स्थ’ म्हणजे राहणारा. शब्दार्थ पाहिला तर कोकणातला कुणबी, कोळी, आगरी, मुसलमान, सगळेच कोकणस्थ. व्यवहारात हे नाव मुख्यतः एका ब्राह्मण पोटजातीचे. ती पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात किंवा इंदुरात राहिली तरी नाव ढळत नाही. कोकणातच जन्मून तिथेच मरणारा कुणबी मात्र ‘कोकणी माणूस’. प्रदेशाचे नाव जातीकडे गेले आणि प्रदेशात राहणाऱ्यांकडे विशेषण उरले. बोलीभाषांच्या आणि प्रादेशिक साहित्याच्या चर्चेत या विसंगतीचा विचार व्हायला हवा.

‘कर’ हा फक्त प्रतिष्ठेचा शिक्का आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. आडनावातला ‘कर’ बहुधा गाव सुटल्याची खूण असतो. पेणमध्ये सगळेच पेणचे; तिथे कोणाला पेणकर म्हणून वेगळे ओळखायचे? रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल समाजाने पेणकर, किहीमकर अशी आडनावे धारण केली आणि त्यांतले बरेच लोक पुढे इस्राएलला गेले. तिथे त्या गावांची नावे अजून माणसांच्या नावात नांदतात.

म्हणून अशा प्रत्येक नावाला मी एक प्रश्न विचारतो: हे नाव माणूस स्वतःहून सांगतो, की दुसरा त्याला चिकटवतो? ‘मी पुणेकर’ असे सहज म्हटले जाते. ‘मी घाटी’ असे म्हणायला आधी बंड करावे लागते.