वाचक कोण?

दलित साहित्याच्या समीक्षेने लेखक कोण, हा प्रश्न निकराने विचारला. कोणत्या अनुभवातून लिहिले, कोणाच्या भाषेत लिहिले, याचा हिशेब तिने प्रस्थापितांकडे मागितला. परंतु वाचक कोण, हा प्रश्न तितक्या निकराने विचारला गेलेला नाही. समीक्षेने गृहीत धरलेला वाचक डोळस आहे. लोणावळ्याहून लोकलने पुण्याच्या विद्यापीठात जाणारा किंवा तळेगावच्या महाविद्यालयात शिकणारा अंध विद्यार्थी या गृहीतात कोठे बसतो?

आज टिपणे, परिपत्रके, ग्रंथ हे सारे पीडीएफच्या रूपाने मोबाइलवर येते. अंध विद्यार्थी ते स्क्रीन रीडरकडून ऐकतो. एनव्हीडीए हे असे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि मराठीही वाचते. पण ते अक्षर वाचते, चित्र नव्हे. पानांचे फोटो जोडून केलेली पीडीएफ त्याच्या लेखी कोरी असते. युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर डोळ्यांना शुद्ध दिसतो. यंत्राला मात्र त्यामागे रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग सापडतो. म्हणजे पुस्तक दिले, असे म्हणता येते आणि प्रत्यक्षात काहीच दिलेले नसते.

मावळातल्या कार्ल्याच्या लेण्यात दारापाशी सामि नावाच्या सुताराचे नाव ब्राह्मीत कोरलेले आहे. शतकानुशतके लोकांनी ती अक्षरे पाहिली, पण वाचली नाहीत. 1837 च्या सुमारास प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला आणि पुढे त्या कष्टकऱ्याचे नाव पुन्हा वाचता आले. तेथे किल्ली हरवली होती. येथे किल्ली हाताशी असताना दररोज नवे कुलूप घातले जाते.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. 2016 च्या कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखल्या आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम स्वरूपात असावा, अशी जबाबदारी शासनावर टाकली. 2012 च्या दुरुस्तीनंतर सुगम प्रत करण्यात स्वामित्वहक्काचा अडसर उरला नाही. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता ही संविधानाच्या कलम 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग मानली. तरीही जागा मिळते, पुस्तक मिळत नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव 1923 चा. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते 1927 साली, आणि तेही माणसे चालून गेली म्हणून. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांतले अंतर आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

नावाचेही तसेच. 'हरिजन' हे नाव आंबेडकरी चळवळीने नाकारले, कारण त्यात गौरव होता, हक्क नव्हता. 'दिव्यांग' या शब्दाकडेही त्याच संशयाने पाहिले पाहिजे. देवाचे नाव जोडल्याने विहीर खुली झाली नाही. दिव्यत्व बहाल केल्याने पीडीएफही खुली होत नाही. आणि जो विद्यार्थी दलितही आहे आणि अंधही, त्याच्यापुढे ही दोन्ही दारे एकाच वेळी बंद असतात.

येथे चळवळीलाही जाब विचारला पाहिजे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ 2017 पासून स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. तरी आपल्या मंडळांतून फिरतात ती बहुधा पानांची छायाचित्रेच. ज्ञानाची मक्तेदारी मोडण्याचा विचार सांगणारा ग्रंथच डोळसांच्या मक्तेदारीत राहावा, हा विरोधाभास सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही चर्चेपेक्षा गंभीर आहे.

काम अवघड नाही. मजकूर युनिकोडमध्ये असावा. मथळ्याला केवळ ठळक न करता मथळा म्हणून खूण करावी. चित्राला वर्णन द्यावे, तक्त्याच्या रकान्यांना शीर्षके द्यावीत. फाइल पाठवण्यापूर्वी ती एकदा डोळे मिटून ऐकावी. महाविद्यालयातला शिक्षक हे उद्यापासून करू शकतो, विद्यार्थी संघटना त्याची मागणी करू शकते, नियतकालिके आपल्या अंकांपासून सुरुवात करू शकतात. ज्या समीक्षेला माणूस केंद्रस्थानी हवा आहे, तिने यापुढे ग्रंथाचे मूल्यमापन करताना तो कोणाला वाचता येतो, हेही विचारावे.