‘गुप्त’ आणि ‘गूढ’ : दासबोधातील देवशोधनासंबंधी

शिवथरच्या घळीचे नाव मराठी वाचकाच्या मनात दासबोधाशी कायमचे निगडित झाले आहे. महाड तालुक्यातील ही जागा धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा उजेडात आणली. समर्थांच्या वास्तव्याच्या नेमक्या स्थळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु परंपरेने ग्रंथाचे जन्मस्थान म्हणून मानली ती हीच घळ. भोवती डोंगर, पावसाळ्यात लगतच कोसळणारा प्रपात, आणि आत अंधार. देव लपलेला आहे व लपलेला आहे म्हणूनच तो मनास ओढतो, अशी भावना येथे सहज उत्पन्न होते. भाविक रसग्रहणात हीच भावना ग्रंथावरही आरोपिली जाते. ग्रंथाच्या शब्दांना ती कितपत मानवते, हे पाहणे अवश्य आहे.

गूढ, गुह्य व गुहा हे तिन्ही शब्द ‘गुह्’ म्हणजे झाकणे, लपविणे या एकाच धातूपासून आलेले आहेत. ‘गुप्त’ मात्र ‘गुप्’ या निराळ्या धातूचे रूप होय. त्याचा मूळ अर्थ राखलेले, रक्षिलेले. ‘गोप्ता’ म्हणजे रक्षक. ‘लपलेले’ हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. मराठीत हे दोन शब्द आज जवळजवळ पर्यायी झाले असले, तरी त्यांच्यातील जुना भेद पुरता बुजलेला नाही. धन गुप्त असते. कोडे गूढ असते. पहिले सापडते, दुसरे उलगडते. (‘घळ’ या शब्दात, लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, लपविण्याचा भाव मुळीच नाही.)

सहाव्या दशकाचे नावच ‘देवशोधन’. त्यातील नववा समास ‘सारशोधन’ हा गुप्त धनाच्या दृष्टान्ताने उघडतो. सेवकांना बाहेरचे पदार्थ दिसतात, आतले द्रव्य धन्यास ठाऊक असते. पुढे सरोवराचे उदाहरण येते : तळाशी द्रव्य ठेवून वर पाणी सोडलेले आहे, लोक त्यास नुसते भरलेले सरोवर समजतात. येथे गूढाचे कौतुक कोठेही नाही. पाणी पाहून मोहित होणारा हाच समर्थांच्या दृष्टीने फसलेला मनुष्य. करामती दाखविणाऱ्यास सद्गुरू मानण्याचे पाचव्या दशकात त्यांनी स्पष्टपणे नाकारले आहे, आणि प्रचीतीवाचून बोलण्यास तर ग्रंथभर किंमत दिलेली नाही. तेव्हा रहस्याच्या गोडीसाठी दासबोध वाचणारा वाचक त्या सेवकांच्याच पंक्तीस बसतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि दृष्टान्तात एक अडचण राहते, आणि टीकाकारांनी ती बहुधा सोडून दिली आहे. द्रव्य ठेवले, पाणी सोडले. ही क्रियापदे कर्त्यावाचून आली आहेत. हे कोणी केले? धन आपण होऊन सरोवरात जात नाही. ठेवणारा मानला, तर सेवकांचे अज्ञान हा केवळ त्यांचा दोष राहत नाही. त्यांना न दिसावे अशीच ती व्यवस्था होती. जे. एल. शेलनबर्ग या कॅनडातील तत्त्वज्ञाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ख्रिस्ती ईश्वरकल्पनेसंबंधी नेमका हाच प्रश्न केला : प्रेमळ देव, त्याला न नाकारणाऱ्या मनुष्यापासूनही दडून का राहावा?

अद्वैताचे उत्तर ठरलेले आहे, आणि आठव्या दशकात समर्थ ते देतात. माया वस्तुतः झालेलीच नाही. न झालेल्या गोष्टीचे कारण काय विचारावे? निर्गुण ब्रह्मास हेतू नाही, म्हणून लपण्याचा आरोपही त्यावर येत नाही. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे. पण ते दृष्टान्ताचे उत्तर नव्हे. दृष्टान्तात धनी आहे, सेवक आहेत, आणि सेवकांचे दारिद्र्य खरे आहे. शिवाय रामाचा दास म्हणविणाऱ्या कवीचा देव सर्वस्वी हेतुरहित असू शकत नाही. दासाला धनी हवाच असतो. सिद्धान्ताने जो कर्ता वर्ज्य केला, त्याची रिकामी जागा ओवीच्या व्याकरणात तशीच राहून गेली आहे.

याच दशकाचा पुढचा व अखेरचा समास अनिर्वाच्याचा आहे. तेथे वाणीची मर्यादा सांगितली आहे; सरोवरात द्रव्य कोणी ठेवले, हे तेथेही सांगितलेले नाही.