छायाचित्रांचा नकाशा आणि अतिपर्यटनाचा अर्थ

शहरात पर्यटक किती आले हे हॉटेलांतील नोंदींवरून व विमानतळांवरील गणनेवरून कळते. ते कोणत्या गल्लीत, कोणत्या प्रहरी दाटले हे त्यांवरून कळत नाही. ही उणीव समाजमाध्यमांतील सामग्रीने भरून निघेल, अशी अपेक्षा अनेक अभ्यासकांनी बाळगली आहे. एरिक फिशर यांची २०१० मधील ‘लोकल्स अँड टूरिस्ट्स’ ही नकाशामाला हे या अपेक्षेचे एक प्रारंभीचे व ठळक उदाहरण होय.

फ्लिकरसारख्या माध्यमांवरील छायाचित्रांना जोडलेले स्थान व काळ यांच्या आधारे फिशर यांनी जगातील अनेक शहरांचे नकाशे रेखाटले. ज्याने एका शहरात महिनाभर किंवा अधिक काळ छायाचित्रे घेतली तो रहिवासी, त्याची खूण निळी; जो अन्य शहराचा दिसतो व ज्याची येथील छायाचित्रे महिन्याहून कमी काळातील आहेत तो पर्यटक, त्याची खूण तांबडी; ज्यांचा निर्णय होत नाही ते पिवळे. ही स्पष्टता प्रशंसनीय आहे. अनिर्णिताला स्वतंत्र रंग देण्यात जो प्रामाणिकपणा आहे, तो तर विशेष उल्लेखनीय होय.

तथापि येथे शब्दार्थाचा प्रश्न उपस्थित होतो. या नकाशात ‘रहिवासी’ म्हणजे राहणारा नव्हे; दीर्घकाळ छायाचित्रे घेणारा होय. जो एकाच गल्लीत पन्नास वर्षे राहिला, पण तिचे छायाचित्र जगापुढे ठेवण्याचे ज्याला प्रयोजन पडले नाही, तो येथे कोणत्याच रंगाचा नाही. छायाचित्र प्रसिद्ध करणे ही एक प्रकारची उक्ती आहे, आणि नित्याचे ते मनुष्य सहसा बोलून दाखवीत नाही. म्हणून तांबड्या खुणांची दाटी पर्यटकांची उपस्थिती दाखवते. अतिपर्यटन सिद्ध करीत नाही. ‘पर्यटन’ या शब्दाला लागलेला ‘अति’ हा उपसर्ग केवळ संख्या सांगत नाही; कोणाला अति, हे कळल्याखेरीज त्याचा अर्थ पुरा होत नाही.

बार्सिलोनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पार्क ग्वेलकडे जाणाऱ्या ११६ क्रमांकाच्या लहान बसमध्ये पर्यटकांची इतकी गर्दी होऊ लागली की वस्तीतील वृद्धांना जागा मिळेना. रहिवाशांच्या तक्रारींनंतर २०२४ मध्ये हा मार्ग गूगलच्या नकाशावरून काढण्यात आला. येथे नकाशा गर्दीचा केवळ साक्षी नव्हता, तिचे एक कारणही होता. त्याच वर्षी, घरभाड्यांची वाढ रोखण्यासाठी, पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा मनोदय महापौर झाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केला. भाडे न परवडल्याने जो शहर सोडून गेला, त्याची निळी खूणही त्याच्याबरोबर जाते. हानी जेथे सर्वाधिक, तेथेच ही सामग्री मूक होते. या पद्धतीचा मूलगामी दोष तो हाच.

मजकुरावरून भावना मोजण्यानेही तो दूर होत नाही. ‘येथे सदैव गजबज असते’ हे वाक्य प्रवाशाच्या लेखी स्तुती, तर रहिवाशाच्या लेखी गाऱ्हाणे असू शकते. वक्ता कोण हे ठाऊक असल्याविना अर्थनिर्णय होत नाही. शिवाय हे साधन स्थिर नाही. ट्विटरने २०१९ मध्ये संदेशाला अचूक स्थान जोडण्याची सोय काढली आणि २०२३ मध्ये संशोधकांना मिळणारी विनामूल्य सामग्री बंद केली. त्यामुळे खुणा घटल्या म्हणून गर्दी घटली, असे अनुमान काढता येत नाही.

एवढ्यावरून ही सामग्री त्याज्य ठरत नाही. पर्यटकांच्या वाटा, त्यांच्या थांबण्याच्या जागा व वेळा यांविषयी इतका सूक्ष्म पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो. मात्र तो पाहुण्याचा पुरावा आहे. त्याच्या शेजारी घरभाड्याच्या नोंदी, बसमधील उतारूंची गणना आणि नगरपालिकेकडे आलेले तक्रारअर्ज ठेवले, तरच यजमानाची बाजू ऐकू येईल. या दोहोंपैकी एकाच पक्षाचे ऐकून दिलेला निर्णय शास्त्रीय म्हणवणार नाही.