जंजिऱ्यांतील राज्यक्रांति : एका दृष्टांताचें परीक्षण

गेल्या हिंवाळ्यांत कर्जत येथें एका व्याख्यानसत्रांत एका तरुण अभ्यासकांनीं जंजिऱ्याच्या सिद्दीवर भाषण केलें. त्याचा सारांश असा कीं, इ. स. १६७०-७१ च्या सुमारास जंजिऱ्यांत जी राज्यक्रांति झाली ती १९५९ मधील क्यूबाच्या क्रांतीसारखीच होय. लहानशा बेटानें शेजारच्या बलाढ्य सत्तेस न जुमानतां दूरच्या महासत्तेचा हात धरिला, आणि बेट स्वतंत्र झालें. श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या, आम्हींही वाजविल्या. परंतु घरीं परततांना मनांत शंका राहिली. दृष्टांत चटकदार असला म्हणजे तो प्रमाण ठरतोच असें नाहीं. व्याख्यात्यांचे परिश्रम मोठे आहेत, आणि परिश्रमाचा खरा आदर तपासणीनेंच होतो, अशा समजुतीनें पुढील चार शब्द लिहीत आहों.

प्रथम निर्विवाद भाग सांगतों. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशीं असलेलें जंजिरा हें बेट विजापूरच्या आदिलशाहीकडून सिद्दी फत्तेखान याच्या ताब्यांत होतें. शिवाजीमहाराजांचा वेढा व मारा यांस कंटाळून फत्तेखान बेट स्वाधीन करण्यास राजी झाला. हें पाहून सिद्दी संबूल, सिद्दी कासीम व सिद्दी खैर्यत या तिघांनीं त्यास कैद केलें, संबूल यास मुख्य नेमिलें, आणि विजापुरास वर्दी देऊन मोगलांच्या दख्खनच्या सुभेदाराकडे सुरतेच्या आरमाराची मदत मागितली. ती मिळाली. सुरतेच्या वसुलांतून सालिना नेमणूक बांधून मिळाली, आणि बेटाचा धनी विजापूरऐवजीं दिल्ली झाला. येथवर व्याख्यात्यांशीं आमचा वाद नाहीं.

वाद आहे तो साधनांच्या तोलाविषयीं. व्याख्यात्यांनीं आपली सर्व इमारत खाफीखानाच्या फारसी तवारिखेवर उभारली आहे. हा ग्रंथकार घटनेनंतर सुमारें साठ वर्षांनीं लिहितो. त्याच्या कथेंत तीन वीर आहेत व प्रत्येकापाशीं दहा दहा साथीदार आहेत. पुढें दंडाराजपुरी परत घेतली ती शिमग्याच्या रात्रीं, मावळे सणाच्या धुंदींत असतां. दारूचें कोठार उडालें आणि कोसांवर निजलेले महाराज त्या क्षणीं दचकून जागे झाले, असेंही तो सांगतो. ज्यांनीं बखरी हाताळल्या आहेत त्यांस हा थाट ओळखीचा आहे. मूळ घटना खरी असेल. पण तिजवर चढविलेलीं हीं भूषणें सांगणाऱ्याचीं आहेत. शिवाय ही जेत्यांच्या पक्षाची कहाणी आहे. पदच्युत फत्तेखानाची बाजू तिच्यांत कोठें ऐकूं येत नाहीं. ज्या खटल्यांत एकच पक्षकार बोलतो तेथें निकाल जपून द्यावा लागतो.

सुरत व मुंबई येथील इंग्रज वखारवाल्यांचीं पत्रें काळाच्या दृष्टीनें अधिक जवळचीं आहेत. मात्र त्यांचाही कांटा सरळ नाहीं. वखारवाले प्रत्येक गोष्ट सुरतेच्या व्यापारास काय लागेल या मापानें मोजितात. जिंजीस लिहिणाऱ्या सभासदानें तर सिद्दीस घरांतील उंदराची उपमा देऊन विषय संपविला. येथें आमचा स्वतःचा दोष कबूल करितों. आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ वर्गांत तीच उपमा सांगितली, मुलें हंसलीं, आणि धडा पुढें सरकला. उंदरास राजनीति नसते. म्हणून सिद्दीचीही राजनीति असेल, हा प्रश्नच आमच्या विद्यार्थ्यांपुढें कधीं आला नाहीं. व्याख्यात्यांनीं तो आणिला, हें त्यांचें मोठें श्रेय होय.

आतां त्यांच्या सिद्धांताकडे वळूं. कौटिल्यानें षाड्गुण्यांत संश्रय हा एक गुण सांगितला आहे. बलवानापुढें एकट्यानें टिकाव लागत नाहीं तेव्हां दुसऱ्या बलवानाचा आश्रय करणें तो संश्रय. सिद्दी क्रांतीपूर्वीं विजापूरच्या संश्रयांत होता व क्रांतीनंतर दिल्लीच्या संश्रयांत गेला. आश्रय बदलणें म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. म्हणून 'बेट स्वतंत्र झालें' हें विधान आम्हांस मान्य नाहीं.

तथापि बेट दिल्लीचें आज्ञाधारक झालें असें म्हणणेंही चुकीचें होईल. १६७७ त बादशहाच्या हुकुमान्वयें संबूलनें आरमार कासीमाच्या हवालीं करावयाचें होतें. तें तो करीना, आणि या दोघांचें भांडण मुंबई बेटावर येऊन इंग्रजांस मध्यस्थी करावी लागली. दिल्लीचा पैसा खाणाऱ्यांवर दिल्लीचा शब्द किती चाले तें यावरून दिसतें. इंग्रजांची कुचंबणा तर पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यांत सिद्दीचें आरमार मुंबईस आश्रयास येई. त्यास हांकलावें तर सुरतेचे मोगल अधिकारी रुष्ट होत. ठेवावें तर महाराज रुष्ट होत. १६७३ त डच आरमारही मुंबईपुढें येऊन गेलें. १६७४ च्या राज्याभिषेकास आलेल्या हेन्री ऑक्झिंडनानें सिद्दीशीं सलोखा करावा अशी गोष्ट रायगडावर काढिली, ती व्यर्थ गेली. आणि ज्या मुंबईनें त्यास इतकें सांभाळिलें तिलाच सिद्दी याकूतखानानें १६८९-९० त बादशहातर्फें वेढा घातला.

भाषणांतील एक वाक्य आम्हांस विशेष खटकलें. 'आपल्या घाटपायथ्याच्या मुलुखास या समुद्रावरील भांडणाचें कांहीं सोयरसुतक नव्हतें,' असें व्याख्याते म्हणाले. कर्जतांत बसून हें म्हणणें धाडसाचें आहे. उल्हास नदी कर्जतावरून कल्याणास जाते, आणि महाराजांच्या पहिल्या आरमाराचीं गलबतें कल्याण-भिवंडीकडेच बांधलीं गेलीं. पाताळगंगा खालापुराच्या बाजूनें धरमतरच्या खाडीस मिळते. अंबा नदी उंबरखिंडीच्या परिसरांतून निघून नागोठण्यास जाते. ह्याच उंबरखिंडींत २ फेब्रुवारी १६६१ रोजीं कारतलबखान कोंडला गेला. आणि १६७३ च्या ऑक्टोबरांत सिद्दीचें आरमार मुंबईच्या बंदरांत शिरून त्याचीं माणसें पेण व नागोठणें येथील खाड्यांत उतरलीं व त्यांनीं त्या भागांत जाळपोळ केली. ज्या खाड्यांनीं घाटाखालचें भात बाहेर जाई व मीठ आंत येई त्या खाड्या पेटल्या असतां वरच्या गांवांस सोयरसुतक नव्हतें काय? महासत्तांच्या भांडणाचा हिशेब शेवटीं रयतेच्या कणगींत होतो, हें व्याख्यात्यांच्या नजरेंतून निसटलें.

राहतां राहिला क्यूबाचा दृष्टांत. तो सर्वस्वीं टाकाऊ नाहीं, पण एकदेशी आहे. क्यूबांत क्रांतीनें जमिनीची मालकी बदलली. जंजिऱ्यांत केवळ सरदार व धनी बदलले, कूळ कूळच राहिलें. साम्य आहे तें निराळ्या ठिकाणीं. ऑक्टोबर १९६२ त क्षेपणास्त्रांचा तंटा रशिया व अमेरिका यांनीं क्यूबाच्या पुढाऱ्यांस न विचारतां आपसांत मिटविला; जंजिऱ्याचें भवितव्यही असेंच वरचेवर इतरांच्या तहांत बोललें गेलें. दुसरें साम्य याहून मार्मिक, आणि तें व्याख्यात्यांनीं सांगितलेंच नाहीं. १९९१ त सोव्हिएत संघ मोडला, तरी क्यूबाची राजवट लगेच कोसळली नाहीं. तसेंच मोगलांची सत्ता विरून गेली, पण जंजिऱ्याचें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें. आश्रयदाता मेला व आश्रित उरला! तेव्हां बेटाचें बळ केवळ आश्रयांत नव्हतें. तटांत, आरमारांत आणि आपल्याच माणसांच्या जिद्दींतही होतें. हबसाणांतून आलेल्या घराण्यांतील माणसें परक्या किनाऱ्यावर हें करूं शकलीं, याची नोंद आम्हीं मराठी इतिहासकारांनीं मोकळ्या मनानें केली पाहिजे. तेणेंकरून महाराजांच्या आरमारी उद्योगाचें मोल कमी होत नाहीं. उलट प्रतिपक्ष किती चिवट होता हें कळून तें वाढतेंच.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. कर्जत-खालापुराच्या जुन्या घरांतून रुमाल अद्याप निघतात. त्यांतील मोर्तबाचा सुरेख कागद निवडून ठेवावयाचा व वसूल-जकातीचे मळके ताव रद्दींत घालावयाचे, ही चाल आम्हीं फार पाहिली आहे. खाडीच्या नाक्यावरील जकात एखाद्या सालीं कां बुडाली, गांव ओस कां पडला, सारा सूट कां मिळाला, हें अशा मळक्या तावांवरच सांपडण्याचा संभव असतो. खाफीखान व वखारवाले यांच्यापुढें तिसरा साक्षीदार उभा करावयाचा तर तो तेथूनच येईल. व्याख्याते तरुण आहेत, त्यांचे पाय मजबूत आहेत; त्यांनीं गांवोगांव जाऊन तो शोधावा, आणि आमचें म्हणणें खोटें ठरलें तर तेंही ह्याच पानांवर छापावें. आम्ही आनंदानें वाचूं.