तिरप्या अक्षरांचा डौल

गेल्या लग्नसराईंत येथें, छत्रपती संभाजीनगरांत, आमच्याकडे एक विवाहपत्रिका आली. वधूवरांचीं इंग्रजी नांवें ज्या तिरप्या, लफ्फेदार टंकांत छापलीं होतीं, तीं पाहून डोळे निवले. परंतु मराठी मजकूरही त्याच ऐटीनें कलता केलेला पाहून मन खट्टू झालें. घरांतील वृद्ध मातोश्रींनीं तर वाचतांना पत्रिकाच तिरपी धरिली!

एवढ्याशा गोष्टीची चिकित्सा कशाला, असें वाचक म्हणतील. आमचें म्हणणें असें कीं, मंगलप्रसंगीं आपण आपल्या भाषेला कोणता वेष देतों, यावरून तिच्याविषयींचा आपला आदर कळतो.

इंग्रजी तिरप्या अक्षरांचें सौंदर्य केवळ झुकण्यांत नाहीं. तें लेखणींत आहे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसनें १५०१ सालीं व्हर्जिलचें काव्य ज्या टंकांत छापिलें, तो फ्रांचेस्को ग्रिफोनें तत्कालीन विद्वानांच्या शीघ्र हस्ताक्षरावरून कोरिला होता. हेर्मान झाप्फचा १९७९ चा 'चान्सरी' टंक त्याच लेखनपरंपरेचा वंशज होय. देवनागरीच्या बोरूचा काप मात्र रोमन लेखणीच्या उलट. तिकडे जेथें जाड रेघ, तेथें इकडे बारीक. अशा अक्षरांस यंत्रानें सरसकट कलविलें कीं जाड-बारिकाचा तोल जातो. शिरोरेषा आडवी ती आडवीच राहते आणि तिच्याखालीं काने मात्र कलंडतात.

इंडियन टाइप फाउंड्रीनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेला 'कलम' हा टंक या दोषापासून मुक्त आहे. त्याचा कल हातच्या लेखनांतून आलेला असून अक्षरें बारीक टोंकाच्या पेनानें सहज लिहिल्यासारखीं दिसतात. घरगुती पत्रास किंवा बालवाङ्मयास तो शोभेल. पण मंगलकार्यास घरच्या सदऱ्यावर कोण जातें? तेथें भरजरी उपरणेंच हवें, आणि तें आमच्या टंकांच्या पेटींत आम्हांस अद्याप सांपडलेलें नाहीं.

तें कोठून आणावें? आमची दृष्टि मोडीकडे वळते. आधीं पानभर शिरोरेषा आंखून, तिच्याखालीं लेखणी होईल तितकी न उचलतां लिहिणाऱ्या त्या कारकुनांच्या हातांत जी गति होती, तीच आमची खरी 'तिरपी' परंपरा. मोडीचीं अक्षरें आज थोड्यांनाच वाचतां येतात, हें खरें. म्हणून अक्षर बाळबोधच ठेवावें, वळण मात्र मोडीकडून शिकावें. हें अशक्य नाहीं. याच शहरांतील उर्दू पाट्यांवर डौलानें उतरणारी नस्तालीक पाहा. मिर्झा अहमद जमील यांनीं १९८१ सालीं हजारों अक्षरजोड सिद्ध करून ती संगणकावर आणिली. लेखणीस यंत्रापुढें वांकविलें नाहीं, यंत्रासच लेखणीचें वळण लाविलें.

२०१४ सालींच युनिकोडानें मोडीस स्थान दिलें. दार उघडलें आहे. आंत जाणारा लेखणीबहाद्दर तेवढा हवा. तोंपर्यंत आमची यजमानांस विनंति एवढीच कीं, पत्रिकेंतील मराठी सरळ उभी असूं द्यावी. ताठ उभें राहण्यांतही शोभा आहे.