रूपांतराचा तक्ता काय सांगत नाही

एककं बदलणं हे संशोधनातलं सगळ्यात हलकं काम समजलं जातं. तक्ता उघडायचा, गुणायचं, पुढे जायचं. १ औंस-बल म्हणजे ०.२७८०१४ न्यूटन, १ ग्रॅम-बल म्हणजे ०.९८०६६५ सेंटिन्यूटन, १ पौंड-बल म्हणजे ४.४४८२२ न्यूटन. आकडे बरोबर आहेत, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. ते कुठेही, कशालाही लावून चालतात असं आपण गृहीत धरतो, त्याबद्दल आहे.

उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं घेऊ. मी शहापूरला राहते. इथून मोहाडी-आंधळगाव किंवा पवनीकडे गेलात की कोशाचं कापड विणणारी घरं भेटतात. करवतकाठी साडीत कोशाचा धागा आणि सुती धागा एकाच मागावर येतात. आता या दोन धाग्यांची ताकद एका तक्त्यात मांडायची आहे असं समजा. कोशाचे आकडे मिळतील ग्रॅम प्रति डेनिअरमध्ये. सुताचे जुने आकडे मिळतील पौंडात, इंग्रजी काउंटसोबत. देशात मेट्रिक वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून यायला लागली, पण विणकर आजही सूत ‘नंबर’नेच मागतो. हा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. त्यामुळे पौंड बाजारातून गेला तरी सुताच्या हिशेबात राहिलाच.

आधी कोसा. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, टेक्स म्हणजे १००० मीटरचं. म्हणून बरेच जण सरळ ९ ने गुणतात आणि पुढे ‘सेंटिन्यूटन प्रति टेक्स’ लिहून मोकळे होतात. चूक इथेच होते. ९ ने गुणलं की ग्रॅम-बल प्रति टेक्स मिळतं. सेंटिन्यूटन हवे असतील तर ८.८२६ ने गुणावं लागतं. समजा ६० डेनिअरचा धागा १५० ग्रॅम-बलाला तुटला. म्हणजे २.५ ग्रॅम प्रति डेनिअर, म्हणजेच २२.०६ सेंटिन्यूटन प्रति टेक्स. ९ ने गुणणाऱ्याच्या तक्त्यात मात्र तोच धागा २२.५ दिसेल. फरक दोन टक्क्यांचा. दोन टक्क्यांनी काय बिघडतं? मांडीवर काढलेला धागा आणि केंद्रीय रेशीम मंडळाच्या ‘बुनियाद’ यंत्रावर काढलेला धागा यांची तुलना करताना एक आकडा एका पेपरातून आणि दुसरा दुसऱ्यातून उचललात, तर नुसत्या गुणाकाराने एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरू शकते. एखाद्या बाईने कोणत्या पद्धतीने धागा काढावा, असा सल्ला त्यावरून दिला जाणार असतो.

सुताचं प्रकरण जास्त अडचणीचं आहे, आणि माझ्या मते जास्त शिकवणारं. जुनी चाचणी लडीवर व्हायची. दीड वार घेराच्या चाकावर ८० वेढे, एकूण १२० वार. ही लड दोन आकड्यांना लावून ताणायची आणि ती पौंडात तुटली की तो आकडा काउंटने गुणायचा. हाच गिरणीतला ‘सीएसपी’. २० नंबरच्या सुताची लड १०० पौंडांना तुटली तर सीएसपी २०००. हा आकडा निव्वळ संख्या असल्यासारखा मिरवतो, पण त्याच्या पोटात पौंड आणि वार दोन्ही आहेत.

तो मेट्रिकमध्ये आणून बघा. ८० वेढे म्हणजे ताणाखाली १६० पदर. १०० पौंड भागिले १६० म्हणजे दर पदराला बरोबर १० औंस, म्हणजे २.७८ न्यूटन. २० नंबरचं सूत २९.५ टेक्सचं, तेव्हा ताकद आली ९.४ सेंटिन्यूटन प्रति टेक्स. अंकगणित चोख आहे. पण तेच सूत एकेका धाग्याने आजच्या यंत्रावर तपासलंत तर आकडा याहून मोठा येतो. लडीत सगळे पदर एका क्षणी तुटत नाहीत. कमजोर पदर आधी जातात, सगळ्यांवर ताणही सारखा नसतो, आणि उरलेल्यांवर भार वाढत जातो. म्हणजे एकक बदललं, पण मोजलेली गोष्ट तीच राहिली नाही. जुन्या सीएसपीवरून काढलेले सेंटिन्यूटन आणि आजचे सेंटिन्यूटन एकाच रकान्यात लिहून ‘सुताचा दर्जा सुधारला’ असं म्हणणारा प्रबंध मी नापास करीन. (अजून मला तो अधिकार नाही, हे खरं.)

आता ग्रॅम-बलाकडे परत या. त्याच्या व्याख्येतलं ९.८०६६५ हे १९०१ साली ठरवलेलं प्रमाण गुरुत्वत्वरण आहे. शहापूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या थोडं वर. नेहमीच्या सूत्राने इथलं मूल्य काढलं तर साधारण ९.७८६ येतं. म्हणजे इथे १०० ग्रॅमचं वजन धाग्याला टांगलं तर ओढ ०.९८०७ न्यूटनची नसून ०.९७८६ ची असते. फरक ०.२ टक्के. धाग्या-धाग्यातला फरक यापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे यासाठी झोप उडवू नका. पण मग शेवटच्या रकान्यात पाच दशांश स्थळंही लिहू नका. तिसऱ्या स्थळावरच शहापूर आणि प्रमाण मूल्य वेगळे होतात.

हेच काट्याचं. अर्ध्या औंसाच्या खुणा असलेल्या जुन्या स्प्रिंगकाट्यावर कोणी ‘३ औंस’ वाचलं असेल, तर पाव औंस इकडेतिकडे धरावाच लागतो. त्याचं ०.८३४०४ न्यूटन करणं म्हणजे त्या माणसाने जे पाहिलंच नाही ते त्याच्या नावावर खपवणं. ०.८३, अधिक-उणे ०.०७, एवढंच त्याने मोजलंय.

जुन्या पुस्तकात पौंडल भेटला तर घाबरू नका. तो ०.१३८ न्यूटनचा, म्हणजे जवळजवळ अर्धा औंस-बल. उत्तर ३२ पट चुकलं तर पौंड आणि पौंडल यांची अदलाबदल झाली, असं बहुधा समजा. १० टक्क्यांनी चुकलं तर औंस सोनाराचा आहे का ते पाहा, तो २८.३५ नाही, ३१.१ ग्रॅमचा असतो.

माझ्या स्वतःच्या तक्त्यात आता चार रकाने असतात: मूळ आकडा त्याच्या मूळ एककासह, चाचणी लडीवर की एकट्या धाग्यावर, कशाने गुणलं, आणि मग न्यूटन. पान आडवं करावं लागतं.