ओपनकॅप: दोन फोनवर चाल मोजताना

आता ओपनकॅपकडे येऊ. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये 'प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी'त त्यावर निबंध छापला. दोन आयफोन स्टँडवर लावायचे, बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा कागद दाखवून कॅमेरे जुळवायचे आणि माणसाला चालायला सांगायचं. अंगावर चकाकते मार्कर नाहीत, भिंतीभर महागडे कॅमेरे नाहीत. खर्च प्रयोगशाळेच्या एक टक्क्याहून कमी, असं ते म्हणतात. फिजिओथेरपिस्ट खूश होणार, आणि व्हायलाच हवेत.

माझी हरकत आहे ती याला सरसकट 'मोजणं' म्हणण्याला. बघा, व्हिडिओतून हाती लागतात घोटा, गुडघा, खुबा असे 20 बिंदू. त्यांवरून एक न्यूरल नेटवर्क 43 बिंदूंच्या जागा काढतं आणि मग त्यांवर सांगाड्याचं मॉडेल बसवलं जातं. म्हणजे बरंचसं दिसलेलं नाही, ताडलेलं आहे. पडताळणी झाली ती 10 निरोगी माणसांवर. त्यांना धड डोलवत चालायला सांगूनही पाहिलं, हे मान्य. पण निरोगी माणसानं मुद्दाम डुलणं वेगळं आणि अर्धांगवायूनंतर ताठ पाय बाहेरून फिरवत आणणं वेगळं.

सांध्यांच्या कोनातली सरासरी चूक साडेचार अंशांच्या आसपास. पाऊल उचलून पुढे नेताना गुडघा साधारण 60 अंश वाकतो. एखाद्याचा 30च वाकत असेल तर फोनला कळेल, प्रश्न नाही. पण सहा आठवड्यांच्या व्यायामानं 5 अंश वाढले, तर पेशंटला काय सांगणार? सुधारणा, की यंत्राची चूक? चूक दर वेळी एकाच बाजूला होत असेल तर फरक तरी खरा निघेल. फोनची जागा किंवा कपडे बदलले की तीही खात्री जाते.

कपड्यांचं तर आपल्याकडे फारच आहे. मार्कर लावायचे म्हणजे गुडघे उघडे किंवा कपडे अंगाला घट्ट. आपल्या ओपीडीत आजी साडी नेसून येतात. निऱ्यांखालचा गुडघा कॅमेऱ्याला दिसतच नाही, तो कापडाच्या हालचालीवरून अंदाज बांधतो. आणि तरी पडद्यावर आकडा येतो तो दशांशासकट!

वापरू नका, असं मी म्हणत नाही. चालण्याचा वेग, खुर्चीतून उठायला लागणारा वेळ खुशाल काढा. गुडघ्याचा कोन केसपेपरवर लिहाल तेव्हा मात्र कपडे कोणते होते, फोन कुठे होते, हेही शेजारी लिहा आणि पुढच्या वेळी सगळं तसंच मांडून मगच तुलना करा.